विज्ञानवेड्या मुलांसाठी सरकारी हायस्कूल (अमेरिका): राहून शिकायचं की घरून ये-जा?

त्रिज्या
दर सप्टेंबरात हा प्रश्न पाच धाग्यांवर पाच प्रकारे येतो, म्हणून एकच धागा. चर्चा फक्त सरकारी, शिक्षणाची फी न घेणाऱ्या आणि निवड करून प्रवेश देणाऱ्या गणित-विज्ञान हायस्कूलांची. खासगी बोर्डिंगसाठी वेगळा धागा काढा.

राहण्याच्या शाळा: नॉर्थ कॅरोलायनाची एनसीएसएसएम (डरहॅम १९८०, मॉर्गनटनचा दुसरा कॅम्पस २०२२), इलिनॉयची इम्सा (ऑरोरा, १९८६), लुईझियानाची नॅकटिशची शाळा (१९८३), टेक्ससची टॅम्स (डेंटन, १९८८), केंटकीची गॅटन (बोलिंग ग्रीन, २००७). अजून काही राज्यांत आहेत.

ये-जा करण्याच्या: व्हर्जिनियाची टीजे म्हणजे थॉमस जेफरसन (फेअरफॅक्स काउंटी, म्हणजे जिल्हा; १९८५), न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट (१९०४) आणि ब्राँक्स सायन्स (१९३८), न्यू जर्सीत हॅकनसॅकची बर्गन, लिंक्रॉफ्टची हायटेक, एडिसनची मिडलसेक्स अकॅडमी.

कृपया 'आमच्याकडे असं झालं' नको. नियम, वेळा आणि कुठे अडतं एवढंच लिहा.

डरहॅमकर
आधी एक गैरसमज. बहुतेक पालकांना निवडायला दोन्ही मिळतच नाहीत. राज्य कोणतं, त्यावर प्रश्न निम्मा सुटतो. एनसीएसएसएम निघाली कारण राज्य विखुरलेलं होतं. डोंगराळ काउंटीतल्या हायस्कूलमध्ये कॅल्क्युलसला चार मुलं, फिजिक्सला शिक्षकच नाही. मुलांपर्यंत शिक्षक नेण्यापेक्षा मुलांना एका जागी आणणं सोपं, म्हणून डरहॅमच्या जुन्या वॉट्स हॉस्पिटलच्या इमारतीत शाळा भरवली. फेअरफॅक्स काउंटीत ती अडचणच नव्हती. बसच्या टप्प्यात पुरेशी मुलं होती, वसतिगृह बांधून करायचं काय?

ह्या इतिहासाचा प्रवेशावर आजही परिणाम आहे. एनसीएसएसएममध्ये जागा अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) मतदारसंघांनुसार वाटायच्या असा राज्याचा कायदा आहे. केरी-मॉरिसव्हिल ह्या उपनगरांतली मुलं एकमेकांशीच स्पर्धा करतात. त्याच गुणांचं मूल दूरच्या ग्रामीण मतदारसंघात असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. आणि केरीहून डरहॅम गाडीने अर्ध्या तासावर असलं तरी 'आम्ही रोज सोडतो' चालत नाही. निवासी प्रवेश घेतला की राहायचंच.

अंबानगरी
म्हणजे आपल्या नवोदयसारखंच. जिल्ह्याला एक शाळा, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, राहणं-जेवण सरकारचं. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक अमरावतीची, दुसरी हरियाणात झज्जरची. फरक एवढाच की तिकडे मूल सहावीत जातं.

डरहॅमकर
हो, आणि तो फरक लहान नाही. एनसीएसएसएममध्ये फक्त अकरावी-बारावी, अर्ज दहावीत. इम्सात दहावी ते बारावी, अर्ज साधारण नववीत. टीजे आणि न्यूयॉर्कचे अर्ज आठवीत. म्हणून नॉर्थ कॅरोलायना-इलिनॉयच्या पालकांनी आठवीत घाबरायचं कारण नाही. पण कोणत्या वर्षी कोणतं गणित, हा रुळ पाचवी-सहावीत ठरतो, ते मात्र आठवीत कळून उपयोग नाही. टीजेला आठवीत निदान अल्जिब्रा १ चालू असावा लागतो.

लसावि
टीजेचे नियम लिहितो, कारण महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून २०१९ चे फिरतात. प्रवेश परीक्षा बंद झाली. २०२१ पासून दर वर्षी ५५० जागा. प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीच्या पटाच्या १.५ टक्के इतक्या जागा त्या शाळेच्या मुलांना, उरलेल्या सगळ्यांसाठी खुल्या. किमान जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.५, स्वतःबद्दलचे छोटे लेखी प्रश्न आणि एक गणित किंवा विज्ञानाचा प्रश्न सोडवून मांडायचा निबंध. पालकांनी केलेला दावा मे २०२३ मध्ये अपील कोर्टात हरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला. तेव्हा 'परीक्षा परत येणार' म्हणून दोन वर्षांचा क्लास लावू नका.

१.५ टक्क्यांचा व्यवहारी अर्थ: ज्या मिडल स्कूलमधून पूर्वी साठ-सत्तर मुलं जायची, तिथली चुरस वाढली. तिथल्या गर्दीत मुलाचा निबंध 'मला लहानपणापासून अवकाशाची आवड आहे' असा सुरू झाला तर वाचणाऱ्याला तो आधीच्या तीसांसारखाच दिसतो.

आता मुख्य मुद्दा, तास. एका बाजूचा प्रवास ७५ मिनिटं धरा, लाउडन काउंटीच्या टोकाहून तो लागतोच. दोन्ही बाजूंचे १५० मिनिटं, शाळेचे १८० दिवस, म्हणजे वर्षाला ४५० तास. चार वर्षांत १८००. बसमध्ये वाचन होतं म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळच्या बसमध्ये डोकावून पाहावं. सगळी झोपलेली असतात, आणि बरोबरच आहे. ह्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करू नये.

काकडआरती
न्यू जर्सीत साडेसहाची बस पकडणाऱ्यांच्या वतीने नमस्कार.

इथे काउंटीच्या शाळा आहेत. त्या शाळा कायद्याने व्होकेशनल (व्यवसाय शिक्षणाच्या) शाळांत मोडतात आणि अडीच मैलांपेक्षा दूर राहणाऱ्या हायस्कूलच्या मुलाची ने-आण गावच्या शिक्षण मंडळाने करायची असते. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात एकच बस तीन गावं फिरते, त्यामुळे बारा मैलांना तास लागू शकतो. अर्ज करण्याआधी शिक्षण मंडळाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसला फोन करून मागच्या वर्षीचा बसमार्ग आणि पहिल्या थांब्याची वेळ मागा. गूगल मॅपची वेळ धरू नका.

बर्गनची शाळा दुपारी ४:१० ला सुटते. नंतर रोबोटिक्स असेल तर नेहमीची बस गेलेली असते. मग आईबाबांपैकी एकाची नोकरी त्या बसभोवती फिरते, आणि हा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

न्यूयॉर्कच्या शाळांसाठी शहराचा रहिवासी हवा. जर्सी सिटीतून स्टायव्हेसंट समोर दिसली तरी चालत नाही.

लसावि
टीजेने ह्यावर काढलेला तोडगा चांगला आहे. आठवड्यातून दोन दिवस 'आठवा तास' असतो आणि क्लब, ऑलिंपियाडची तयारी, संगीत त्यात बसतात. म्हणजे बसची मुलंही मागे राहत नाहीत. नवी शाळा बघताना हा प्रश्न विचाराच: क्लब शाळेच्या वेळेत आहेत की नंतर? लेट बस (क्लबनंतरची) आठवड्यातून किती दिवस, आणि ती घराजवळ सोडते की मोठ्या थांब्यावर?

फॉक्सनदीकाठ
मी इम्साबद्दल लिहिते. राहण्याची शाळा म्हणजे काय, ते दुपारी चार ते रात्री नऊ ह्या वेळेत दिसतं. दिवसाचे तास कुठल्याही चांगल्या शाळेत सारखेच. नेपरव्हिलची न्यूक्वा व्हॅली किंवा ऑरोराची मेटिया व्हॅली काही कमी नाहीत. तिथेही मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसपर्यंत जाता येतं. पण साडेसात वाजता गणिताचा अडलेला प्रश्न घेऊन शेजारच्या खोलीत जाता येणं आणि तिथल्या दोघींनी तो आपापल्या पद्धतीने सोडवलेला असणं, हे घरी होत नाही.

इम्सात बुधवार नेहमीच्या तासांपासून मोकळा ठेवायची पद्धत आहे. अकरावी-बारावीची मुलं त्या दिवशी संशोधनासाठी बाहेर जाऊ शकतात, शाळेच्या वाहनाने. शिकागो, नॉर्थवेस्टर्न ही विद्यापीठं, जवळच बॅटेव्हियाला फर्मीलॅब ही फिजिक्सची प्रयोगशाळा. शाळा निघण्यात फर्मीलॅबचे तेव्हाचे संचालक लिऑन लेडरमन यांचा मोठा वाटा होता, १९८८ चं फिजिक्सचं नोबेल त्यांचं. दहावीच्या मुलांना मात्र लगेच बाहेर पाठवत नाहीत. आधी प्रयोगाची आखणी आणि आकडेवारी शिकवतात.

अडचणी. एक, एपी नावाचे (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे) वर्ग नाहीत. गणिताचे विषय 'मॅथेमॅटिकल इन्व्हेस्टिगेशन्स १, २, ३' अशा नावाने असतात. एक सेमिस्टर करून मूल परत गावच्या शाळेत आलं तर काउन्सेलरला ह्यातलं काय अल्जिब्रा २ आणि काय प्रीकॅल्क, ते जुळवताना घाम फुटतो. परत येण्याची शंका असेल तर प्रत्येक विषयाचा सविलॅबस पीडीएफ करून ठेवा.
दोन, शिक्षण फुकट असलं तरी वर्षाची विद्यार्थी फी आहे, उत्पन्नानुसार कमी होते. अर्ज केल्याशिवाय ती आपोआप कमी होत नाही.
तीन, साधारण महिन्यातून एकदा लांब वीकेंडला वसतिगृह बंद होतं. सगळ्यांनी घरी जायचं. राज्याच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्यांना पाच-सहा तासांचा प्रवास. कॅलेंडर ऑगस्टमध्येच हातात येतं, दिवाळी त्यात बसत नाही हे आधीच बघून घ्या.

फॉक्सनदीकाठ
सविलॅबस = सिलॅबस. फोनवरून लिहितेय.

काकडआरती
सविलॅबस शब्द ठेवा. सविनय सिलॅबस.

फर्मीलॅब वाचून आठवलं: बर्गनमध्येही बारावीला बुधवार शाळेबाहेरच्या इंटर्नशिपचा. शाळेत स्वतःचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि पेशी वाढवायची लॅब आहे. तेव्हा 'संशोधन करायचं तर राहायलाच हवं' हे खरं नाही.

लसावि
टीजेत तर बारावीला संशोधन सक्तीचं. शाळेतल्या एखाद्या लॅबमध्ये किंवा बाहेरच्या मार्गदर्शकाकडे. पण लॅबला आधीचे विषय लागतात, आणि कॉम्प्युटर किंवा न्यूरोसायन्सची लॅब हवी हे अकरावीत सुचलं तर उशीर झालेला असतो. नववीतच चार वर्षांचा तक्ता मागून बारावीकडून मागे मोजत या.

आता थोडं बोचरं. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा-शाळांचा (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या) अभ्यास छापला. कटऑफच्या जरा वर असलेली आणि जरा खाली राहिलेली मुलं तोलली. पुढच्या परीक्षांच्या गुणांवर शाळेचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. ब्राँक्स सायन्सच्या माजी विद्यार्थ्यांची नऊ नोबेलं सांगणाऱ्यांनी हेही सांगावं. त्या नऊपैकी ग्लॅशो आणि वाइनबर्ग एकाच वर्गात होते हे खरं, पण ते येतानाच ग्लॅशो आणि वाइनबर्ग होते.

डरहॅमकर
अभ्यास चांगला आहे, पण इथे तो जितका ताणताय तितका ताणत नाही. पहिलं, तो कटऑफच्या काठावरच्या मुलांबद्दल बोलतो, यादीच्या वरच्या टोकाच्या मुलाबद्दल नाही. दुसरं, दोन्ही शहरांत खाली राहिलेल्या मुलाला दुसरी बरी शाळा मिळते. ग्रामीण काउंटीतल्या मुलाचा पर्याय म्हणजे फिजिक्स नसलेली शाळा. तिसरं, मोजले ते परीक्षेचे गुण. संशोधनाची सवय त्यात मोजलेली नाही.

लसावि
पहिले दोन मुद्दे मान्य. मग असं म्हणू: केरी, नेपरव्हिल, एडिसनच्या मुलाला ह्या शाळांनी होणारा फायदा ग्रामीण मुलाच्या मानाने कमी. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना.

त्रिज्या
हे वाक्य मूळ लेखात टाकायला हवं होतं.

शेंगदाणाकूट
टेक्ससवाल्यांसाठी. टॅम्स वेगळी आहे. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससच्या आवारात, अकरावी-बारावीची मुलं थेट विद्यापीठाच्या वर्गात बसतात आणि दोन वर्षांचे कॉलेज क्रेडिट घेऊन निघतात. राहणं-जेवण फुकट नाही, आणि रक्कम लहान नाही. 'सरकारी म्हणजे फुकट' धरून चालू नका. शिवाय इथला सी ग्रेड हा कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरचा सी असतो. मेडिकलला अर्ज करताना हायस्कूलच्या वयात घेतलेले कॉलेजचे ग्रेडही जीपीएत धरले जातात. सोळाव्या वर्षी ऑर्गॅनिक केमिस्ट्री घेताना हे लक्षात ठेवा.
क्रेडिटचा दुसरा घोळ: टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत ते सहज चालतात, बाहेरची नामांकित खासगी कॉलेजं फारशी मोजत नाहीत. 'दोन वर्षं वाचली' हे कुठे जाणार त्यावर आहे.

वेलची
व्हिसावर असलेल्यांसाठी काही वेगळं? आणि पुण्याहून भाचीला आणून एनसीएसएसएमला घालता येईल का, असं एकीने विचारलंय.

डरहॅमकर
भाचीचं उत्तर नाही. पालक किंवा कायदेशीर पालनकर्ता राज्याचा रहिवासी हवा. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने राहता येतं आणि तेही पूर्ण खर्च भरून.

एच-४ च्या (नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्यांच्या) मुलांना सरकारी शाळेला अडचण नाही. अडतं ते पैशाच्या ठिकाणी. काम करायची परवानगी नसल्याने स्टायपेंड देणारी उन्हाळी इंटर्नशिप घेता येत नाही, लॅबने 'थोडंसं मानधन' म्हटलं तरी. एनआयएच ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमाला नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. बिनपगारी मार्गदर्शन किंवा शाळेच्या क्रेडिटचं संशोधन हा मोकळा रस्ता, आणि इथे ज्या शाळेत संशोधन अभ्यासक्रमाचाच भाग आहे तिचा खरा फायदा होतो. बारावीच्या मुलांच्या रिजेनेरॉन टॅलेंट सर्च ह्या संशोधन स्पर्धेला मात्र नागरिकत्वाची अट नाही.

आणखी एक: नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर निवासी शाळेची जागा धोक्यात येते. एल-१ (कंपनीने बदलीवर आणलेल्यांचा व्हिसा) किंवा कंत्राटी नोकरीवाल्यांनी शाळेला लेखी विचारावं, वर्ष पुरं करू देतात का.

फॉक्सनदीकाठ
संशोधनाच्या स्पर्धांबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण दर वर्षी कुणाचा तरी प्रकल्प ह्यावर बाद होतो. आयसेफ ह्या आंतरराष्ट्रीय विज्ञान-प्रकल्प स्पर्धेच्या नियमांनुसार घरी जिवाणू वाढवता येत नाहीत. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा स्वॅब घेऊन घरीच आगरच्या डिशवर वाढवलेला प्रकल्प तिथेच संपतो. माणसांवर प्रश्नावली करायची तरी आधी मंजुरी, नंतरच्या तारखेची सही चालत नाही. राहण्याच्या शाळेत संध्याकाळी देखरेखीखाली लॅब उघडी असते का, हा म्हणून फार मोठा प्रश्न आहे. ये-जा करणाऱ्याची लॅब बससोबत बंद होते.

वेलची
वसतिगृहात जेवणाचं? शाकाहारी आहे.

डरहॅमकर
मेसमध्ये शाकाहारी काहीतरी रोज असतं, पण 'काहीतरी' ह्या शब्दावर भर. सॅलड, पास्ता, बीन्स. खोलीत इंडक्शन किंवा राइसकुकर बहुतेक ठिकाणी चालत नाही, आग लागण्याच्या नियमामुळे. मजल्यावर मायक्रोवेव्ह असतो. पोहे, उपमा, सांबारभाताची गरम पाणी घालायची पाकिटं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, एवढ्यावर निभतं. उघड्या डब्यातला लाडू आठवड्यात मुंग्या आणतो, झाकण पिरगळून बसणारा डबा द्या.

औषधं मात्र खोलीत ठेवू देत नाहीत, बरीचशी नर्सकडे जमा होतात. लेबल नसलेली पुडी, भारतातून आणलेली गोळी, हिंगाष्टक चूर्ण, सगळं संशयास्पद. अमेरिकन डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ बाटली पाहिजे.

काकडआरती
हिंगाष्टक संशयास्पद ठरण्याला वास पुरेसा आहे.

त्रिज्या
कोणत्या मुलाला कोणती शाळा मानवत नाही, ह्यावर कुणी लिहील?

फॉक्सनदीकाठ
राहण्याच्या शाळेत हुशारीपेक्षा तीन सवयी बघा. सकाळी कुणी न उठवता उठणं, आजारी वाटलं की स्वतः जाऊन सांगणं, आणि अडलं की शिक्षकाकडे जाणं. पहिल्या सहामाहीत घसरतात ती बहुतेक तिसरी नसलेली मुलं. आतापर्यंत कधी अडलंच नसतं, त्यामुळे विचारायची सवयच नसते. पहिल्या परीक्षेत ७२ मिळाले की ते लपवतात, आणि घरी रोज चेहरा दिसत नसल्याने पालकांना नोव्हेंबरात कळतं.

उशिरापर्यंत जागणं दुसरं. रात्री खोलीत हजेरी होते, पण हजेरीनंतर लॅपटॉप बंद होतो असं नाही.

लसावि
ये-जा करण्याच्या शाळेत ह्याच्या उलट. मूल घरी दिसतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. साडेपाचला उठून रात्री एकला झोपणारं मूल शनिवारी दुपारपर्यंत झोपतं, आणि आपण म्हणतो 'वय आहे'. रविवारची मराठी शाळा, तबला, क्रिकेट ह्यातलं पहिलं काय सुटतं ते बघा. प्रवास झेपत नाही हे मुलाच्या आधी तिथे दिसतं.

डरहॅमकर
नॉर्थ कॅरोलायनात तिसरा पर्याय आहे, लोक विसरतात: एनसीएसएसएम ऑनलाइन. मूल गावच्याच शाळेत राहतं, डिप्लोमा तिथलाच, वर काही विषय एनसीएसएसएमचे आणि अधूनमधून कॅम्पसवर वीकेंड. केरीसारख्या ठिकाणी, जिथे गावची शाळाच भक्कम आहे, तिथे हा हिशेब बऱ्याचदा जास्त जुळतो. तोटा हा की संध्याकाळी शेजारची खोली नसते.

वेलची
अर्जाची कागदपत्रं कधीपासून?

डरहॅमकर
उन्हाळ्यातच. गणित, विज्ञान, इंग्रजीचे शिक्षक आणि काउन्सेलर ह्यांची शिफारस पोर्टलवर ते स्वतः भरतात, आणि त्यांची मुदत तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते. थँक्सगिव्हिंगच्या आत विनंती पोहोचली नाही तर डिसेंबरात कुणी भेटत नाही. रहिवासाचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि वीजबिल दोन्ही काढून ठेवा, नाव पालकाचंच हवं.

लसीकरणाचं भारतातलं पुस्तक असेल तर तारखा नीट बघा. तिथे ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट, इथे ८ मे. कधी त्यामुळे दोन डोसांमधलं अंतर कमी भरतं आणि मुलाला तोच डोस पुन्हा घ्यायला लागतो. बालरोगतज्ज्ञाकडून राज्याच्या फॉर्मवर महिना अक्षरात लिहून घ्या.